यादीत आहे, पण वाजत नाही

संगणकावर गाण्यांची यादी उघडली, आवडतं गाणं शोधलं, क्लिक केलं आणि गाणं वाजण्याऐवजी शेजारी उद्गारचिन्ह उमटलं. आयट्यून्स वापरणाऱ्यांना हे चिन्ह पाठ असतं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ करडी पडते किंवा लाल होते, कुठे नुसताच 'फाइल सापडली नाही' असा निरोप येतो. आपल्या अहिल्यानगरच्या सावेडीत प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड या भागांत निवृत्तीनंतर कपाटातल्या कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवलेली मंडळी बरीच आहेत. मुलांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी एमपीथ्रीच्या सीडींवरून भरून दिलेले संग्रहही घरोघरी आहेत. मुलं पुण्याला गेली, संगणक दोनदा बदलला, डिस्क एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात गेली. अशा संग्रहात आज ना उद्या ही चिन्हं दिसणारच.

ती दिसली की पहिला मोह होतो तो 'साफसफाई'चा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये न सापडणाऱ्या नोंदी एका फटक्यात काढून टाकण्याची सोय असते. फूबार२००० मध्ये 'एडिट' मेनूत 'रिमूव्ह डेड आयटम्स' आहे, जुन्या विनॅम्पमध्येही अशी आज्ञा होती. माझा आग्रह एवढाच की हे बटण सगळ्यात शेवटी दाबायचं. त्या तुटलेल्या नोंदी म्हणजे तुमच्याकडे काय काय होतं याचा बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो. गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, लांबी, किती वेळा ऐकलं, कोणत्या यादीत कितव्या क्रमांकावर होतं, हे सगळं त्या ओळीत असतं. ती पुसली की फाइल उद्या सापडली तरी ही सगळी माहिती परत येत नाही. आणि फाइल बहुतेक वेळा सापडते.

ती का सापडते, ते आधी समजून घ्यावं. आयट्यून्स, म्युझिकबी, मीडियामंकी हे प्रोग्रॅम गाणी स्वतःच्या पोटात ठेवत नाहीत. ते ठेवतात एक वही, आणि त्या वहीत प्रत्येक गाण्याचा पत्ता: अमुक डिस्क, अमुक फोल्डर, अमुक नावाची फाइल. पत्त्यातलं एक अक्षर बदललं तरी प्रोग्रॅमच्या लेखी गाणं गेलं. आपल्या शहराचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण सावेडीतलं एकही घर जागचं हललं नाही. जुन्या नावाचं पाकीटही पोस्टमन बिनचूक आणून देतो. संगणकाला मात्र पोस्टमनइतकी अक्कल नाही. जुना पत्ता जुळला नाही की तो घर शोधायला निघतच नाही, सरळ 'नाही' म्हणतो.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी दोन गोष्टी करा. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून त्याच्या वहीची, म्हणजे लायब्ररीच्या डेटाबेस फाइलची, प्रत वेगळ्या जागी ठेवा. आयट्यून्सची ही फाइल 'म्युझिक' फोल्डरातल्या 'आयट्यून्स' फोल्डरात असते आणि तिच्या नावाच्या शेवटी आयटीएल असतं. दुसरं म्हणजे 'एक्स्पोर्ट'ची सोय असेल तर सगळी यादी बाहेर काढून ठेवा. पुढे काही बिघडलं तर इथवर परत येता येतं.

मग निदान. किती गाणी गायब आहेत, यापेक्षा ती कशी गायब आहेत, हे बघा.

सगळीच्या सगळी एकदम गेली असतील तर काळजीचं कारण जवळजवळ नसतं. गाणी बाहेरच्या डिस्कवर असतील तर आधी डिस्क जोडलेली आहे ना ते पाहा. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. डिस्क जोडलेली असूनही गाणी दिसत नसतील तर विंडोजने तिला वेगळं अक्षर दिलेलं असणार. काल ती 'ई' होती, आज आधी पेनड्राइव्ह लावला म्हणून 'एफ' झाली. वहीत सगळे पत्ते 'ई'ने सुरू होतात, म्हणून सगळी गाणी बेपत्ता. उपाय पाच मिनिटांचा आहे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, त्या डिस्कवर उजवी क्लिक करा आणि 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडून जुनं अक्षर परत द्या. त्याच मेनूत 'फॉरमॅट' हा शब्दही असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. नव्याने मांडणी करत असाल तर गाण्यांच्या डिस्कला 'एम'सारखं लांबचं अक्षर द्या. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर सहसा तिथपर्यंत पोहोचत नाहीत आणि त्या संगणकावर विंडोज हे अक्षर लक्षात ठेवतं. मॅकवर अक्षरांची भानगड नाही, तिथे डिस्कचं नाव चालतं. पण डिस्क नीट 'इजेक्ट' न करता ओढून काढली तर पुढच्या वेळी तिच्या नावापुढे १ चिकटलेला दिसू शकतो, आणि परिणाम तोच होतो.

एखाद्याच फोल्डरातली गाणी गेली असतील तर घरातल्या कुणीतरी आवराआवर केलेली असते. 'भावगीते' नावाचा फोल्डर 'जुनी गाणी'त सरकवलेला असतो किंवा 'नवीन फोल्डर'ला भल्या मनाने नीट नाव दिलेलं असतं. इथे प्रोग्रॅमचीच मदत घ्या. आयट्यून्समध्ये उद्गारचिन्हाच्या एका गाण्यावर क्लिक करून 'लोकेट' म्हणा आणि फाइल दाखवा. बाकीची गाणीही त्याच ठिकाणी शोधू का, असं ते विचारतं. हो म्हटलं की पुष्कळदा पूर्ण फोल्डर जुळून येतो. म्युझिकबीमध्ये 'टूल्स'खाली आणि मीडियामंकीत 'फाइल'खाली हरवलेली गाणी शोधण्याची आज्ञा आहे. लिनक्सवरचं ऱ्हिदमबॉक्स तर न सापडलेल्या फाइलींची वेगळी यादीच बाजूला मांडून ठेवतं. सगळ्यात सोपा उपाय मात्र फोल्डरला जुनं नाव परत देण्याचा. तो सुचतो सगळ्यात उशिरा.

गाणी विखरून गायब असतील, म्हणजे या अल्बममधलं एक, त्यातली दोन, आणि फोल्डर उघडून पाहिलं तर फाइल डोळ्यांसमोर दिसते आहे, तर हा आपला खास मराठी रोग आहे. त्यावर इंग्रजी मदतपुस्तिकांत फारसं काही मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देवनागरीत एकच दिसणारं अक्षर संगणकात दोन-तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं. 'वाऱ्यावर', 'साऱ्या', 'किनाऱ्याला' या शब्दांतला तो वळणदार अर्धा र घ्या. मराठी गाण्यांत तो पावलोपावली येतो. काही कळफलक तो नुक्ता असलेल्या ऱ पासून बनवतात, तर काही साध्या र ला हलन्त लावून आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणक मात्र आकडे बघतो आणि आकडे वेगळे, म्हणून त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं ठरतात. 'ॲल्बम'मधल्या ॲ चंही तेच. एका कळफलकावर ते एक अक्षर असतं, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र अशी दोन. त्यात मॅकच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कने आणखी भर घातली. २०१७ च्या आधीच्या मॅकवर फाइलीचं नाव साठवताना ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे केले जात. अशा मॅकवरून विंडोजवर आणलेल्या फाइलीचं नाव दिसायला तेच राहतं, पण वहीतल्या किंवा यादीतल्या नावाशी जुळत नाही.

ही गडबड ओळखायची युक्ती सोपी आहे. शोध घेताना नावातला तो भाग वगळून शोधा. 'किनाऱ्या' टाइप न करता नुसतं 'किना' टाइप करा. त्याने फाइल लगेच सापडली आणि पूर्ण शब्दाने सापडत नसेल, तर निदान पक्कं. दुरुस्तीसाठी आधी 'लोकेट' करून नोंद फाइलीशी जोडून घ्या, त्यानंतर नाव बदला, आणि तेही प्रोग्रॅमच्या आतूनच. म्युझिकबी आणि मीडियामंकी दोघांनाही फाइलींची नावं बदलता येतात आणि बदलली की ते आपली वहीही सुधारून घेतात. बाहेरून, म्हणजे विंडोजच्या फोल्डरात जाऊन नाव बदललंत, तर जोडलेलं पुन्हा तुटेल.

इथे माझं एक मत आहे, काही भाषाप्रेमींना ते रुचणार नाही. फाइलीचं नाव रोमनमध्ये आणि आकड्यांत ठेवावं आणि मराठी सगळं टॅगमध्ये लिहावं. टॅग म्हणजे फाइलीच्या आतच लिहिलेली माहिती: गीताचं नाव, गायक, गीतकार. नव्या आयडीथ्री टॅगमध्ये देवनागरी उत्तम राहते आणि वाजवताना पडद्यावर तीच दिसते. जुन्या पहिल्या आवृत्तीत नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा होती आणि तीही इंग्रजी वळणाची. म्हणून त्या काळच्या फाइलींवर प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं आज इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटतात. हा कचरा पुसण्याआधी तोच फाँट लावून एकदा वाचून घ्या. एमपीथ्रीटॅग नावाच्या मोफत प्रोग्रॅमने शेकडो फाइलींचे टॅग एकदम नीट करता येतात.

आता एक वेगळा प्रकार. फाइल फोल्डरात दिसते, नावही बरोबर आहे, तरी वाजत नाही, आणि तिच्यावर ढगाचं छोटं चिन्ह आहे. वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडने जागा वाचवण्यासाठी मूळ फाइल वर नेली आहे आणि खाली नुसतं नाव ठेवलं आहे. इंटरनेट असेल तर ती परत खाली येते. गाण्यांच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून तो कायम याच संगणकावर ठेवण्याची सूचना देऊन टाका. आणि जागा रिकामी करायची म्हणून असली फाइल डिलीट करू नका, ती वरूनही जाईल.

यादी एका यंत्रावर तयार करून दुसऱ्यावर वाजवणाऱ्यांचं दुखणं सगळ्यात तातडीचं असतं. सावेडीच्या माउली सभागृहात महाकरंडक एकांकिका स्पर्धेसाठी महाराष्ट्रभरातून संघ येतात. प्रत्येक संघात संगीताला एक जण बसलेला असतो, समोर लॅपटॉप आणि त्यावर पार्श्वसंगीताचे तुकडे क्रमाने लावलेले. तालमीत सगळं वाजलेलं असतं. ऐन वेळी लॅपटॉप बदलला, यादी पेनड्राइव्हवरून उघडली आणि पहिल्याच प्रवेशाला शांतता. कारण एमथ्रीयू यादी म्हणजे निव्वळ मजकुराची फाइल, तिच्यात गाणी नसतात, पत्ते असतात. नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रत्येक ओळ 'सी' किंवा 'डी' डिस्कपासून सुरू होत असेल, तर ती यादी त्या एकाच लॅपटॉपची आहे. सगळे तुकडे एका फोल्डरात टाका, यादीही त्याच फोल्डरात ठेवा आणि नोटपॅडच्या 'रिप्लेस'ने प्रत्येक ओळीतला पुढचा पत्ता उडवून फक्त फाइलीचं नाव राहू द्या. आता फोल्डर कुठेही न्या, वाजेल. नावं देवनागरीत असतील तर यादी एमथ्रीयू८ या प्रकारात साठवा, साध्या एमथ्रीयूमध्ये मराठी अक्षरांचा भरवसा नाही. आणि तुकड्यांना ०१, ०२ असे आकडे द्या. यादी उघडलीच नाही तरी फोल्डरातून क्रमाने वाजवता येतं. गणेशोत्सवात आरतीचा पेनड्राइव्ह मंडळाच्या स्पीकरला लावणाऱ्यांनाही एवढंच पुरे.

हे सगळं करूनही काही नोंदी उरतात, त्या फाइली खरोखरच जागेवर नसतात. तेव्हा शोधमोहीम. विंडोजवर 'एव्हरीथिंग' नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम सगळ्या डिस्कवरची नावं टाइप करता करता दाखवतो. विंडोजच्या स्वतःच्या शोधापेक्षा तो कितीतरी वेगवान आहे. नावाने सापडलं नाही तर आकाराने शोधा. नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे १ एमबी लागतो. नोंदीत गाण्याची लांबी साडेचार मिनिटं असेल, तर साडेचार एमबीच्या आसपासच्या फाइली बघायच्या. मग संगणकाबाहेर पडा. गाडीतला पेनड्राइव्ह, जुन्या मोबाइलचं मेमरी कार्ड, सीडींचा डबा, भावाचा लॅपटॉप. एका एमपीथ्री सीडीवर दीडशे-दोनशे गाणी मावत, तेव्हा एक सीडी वाचली गेली तरी पुष्कळ काम होतं. जुन्या सीडी एका ड्राइव्हवर वाचल्या नाहीत तर दुसऱ्यावर लावून बघा, फरक पडतो.

फाइल चुकून डिलीट झाली असेल, तर त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम नावात फोटो असला तरी एमपीथ्रीही परत काढतो. फाइलींची मूळ नावं जातात, पण आतले टॅग शाबूत असतात, त्यावरून एमपीथ्रीटॅग नावं परत बसवून देतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर आणि पेनड्राइव्हवर आशा बरी असते. लॅपटॉपच्या नव्या एसएसडीवर फारच कमी, कारण ती पुसलेली जागा स्वतःच लवकर साफ करून टाकते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरगुती उपाय थांबवून ती जाणकाराकडे द्या.

जे मिळालं नाही ते पुन्हा मिळवायचं. पण सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका. चित्रपटगीतं आणि गाजलेली भावगीतं कुठेही मिळतात, ती शेवटी. आधी बघायचं ते दुसरीकडे कुठेच नाही ते: आजीच्या आवाजातली ओवी, घरच्या कार्यक्रमाची ध्वनिफीत, नगर आकाशवाणीवरून टेप करून घेतलेलं कीर्तन, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसची दुकानातून केव्हाच गेलेली कॅसेट. मूळ कॅसेट घरात असेल तर ती आताच पुन्हा उतरवा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी. आजच्या डिस्कला हे काहीच नाही, तेव्हा असल्या गोष्टी एमपीथ्रीत दाबू नका, फ्लॅकमध्ये ठेवा. आवाज तसाच राहतो आणि जागा बरीच वाचते.

'आता सगळं ऑनलाइन आहे, फाइली कशाला?' असं म्हणणाऱ्यांच्या याद्यांतही गाणी करडी पडतात. हक्कांचा करार संपला की गाणं जातं, आणि कधी दुकानच उठतं. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं. लोकांनी तिथे चढवलेली स्वतःची गाणी हलवण्यासाठी फेब्रुवारी २०२१ पर्यंत मुदत होती. विंक म्युझिक २०२४ मध्ये गेलं. तिथल्या करड्या ओळीचा तर पत्ताही आपल्या हातात नसतो. निदान गाण्यांच्या नावांची यादी स्वतःकडे उतरवून ठेवावी.

साफसफाई करताना हात लगेच दुहेरी फाइलींकडे वळतो, म्हणून एक सावधगिरी. नाव सारखं म्हणजे गाणं सारखं, असं नसतं. गीतरामायण घ्या. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून ते आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झालं, तेव्हा ती गीतं माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. पुढे सुधीर फडक्यांनी सगळी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. दोन्ही संच एकाच संग्रहात असले तर दुहेरी फाइली शोधणारा प्रोग्रॅम निम्मी गाणी जादा ठरवेल. गीतं एकूण ५६ आहेत. वर्षाचे आठवडे ५२ म्हणून तेवढ्यावर संच पुरा समजू नका. पसायदानाचीही अशीच कितीतरी रूपं घरात असतात. पुसण्याआधी गायक बघा, लांबी सेकंदांपर्यंत जुळते का ते बघा, आणि शंका असेल तर दोन्ही ठेवा. चार एमबी वाचवून कुणाचं भलं होत नाही.

यानंतर त्या सुरुवातीच्या बटणाकडे या. उरलेल्या नोंदी आधी एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवा: गाणं, गायक, लांबी, कुठून आलं होतं ते आठवत असेल तर तेही. ही फाइल गाण्यांच्या फोल्डरातच ठेवा. मग बटण दाबा.

पुढच्यासाठी मांडणी अशी करा. सगळी गाणी एकाच मूळ फोल्डरात. त्याच्या आत गायक आणि अल्बम एवढेच दोन मजले, कारण विंडोजला पूर्ण पत्ता सहसा २६० अक्षरांपर्यंतच पेलतो आणि फोल्डरात फोल्डर करत गेलं की तो ओलांडला जातो. फोल्डरांची नावं एकदा ठरवली की बदलायची नाहीत, घरच्यांनाही सांगून ठेवायचं. प्रती तीन: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत मुलाकडे पुण्याला ठेवायची असेल तर डिस्क एरवी तिथेच राहू द्या आणि दिवाळीला तो ती घेऊन येईल तेव्हा नवीन भर घालून परत पाठवा. प्रत घेताना लाइटचा भरवसा नसेल तर लॅपटॉपवरून घ्या, किंवा संगणक यूपीएसवर टाका. मध्येच बंद पडलेल्या कॉपीतून अर्धवट फाइली उरतात. त्या यादीत ठीक दिसतात, वाजायलाही लागतात आणि दुसऱ्या अंतऱ्याला थांबतात. म्हणून कॉपी संपल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवून घ्या, आणि ते जुळेपर्यंत जुनी डिस्क कुणाला देऊ नका.